स्ट्रट ब्रेस बसवल्यावर पुन्हा पुन्हा येणारा ‘टक्’ आवाज: कारण, तपासणी आणि घरच्या घरी दुरुस्ती

लहान हॅचबॅक गाडीच्या इंजिनकक्षात स्ट्रट ब्रेस, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचे डावे-उजवे टॉवर जोडणारा ताठ दांडा, बसवल्यानंतर पहिले काही आठवडे सगळे ठीक चालते. मग गतिरोधकावर तिरके चढताना, किंवा सोसायटीच्या फाटकाजवळच्या उतारावर एक चाक आधी खाली जाताना, पुढच्या बाजूने एकच कोरडा ‘टक्’ असा आवाज येतो. नट आवळले की आवाज थांबतो आणि थोड्याच दिवसांत परत सुरू होतो. त्यानंतर लॉक्टाइट (आटे चिकटवून धरणारा द्रव) लावून पाहिले जाते, स्प्रिंग वॉशर घातले जातात, कोणीतरी सुचवले म्हणून सस्पेन्शनमधील लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुशही (रबरी अस्तर) बदलले जातात, आणि एवढा खर्च होऊनही आवाज जिथल्या तिथे राहतो. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा बहुतेक गाड्यांमध्ये मूळ कारण एकच निघाले, ते म्हणजे नटाखाली आणि ब्रॅकेटखाली (दांडा टॉवरला जोडणाऱ्या पट्टीखाली) दाबला गेलेला रंगाचा थर. तो थर तसाच ठेवून केलेला कोणताही उपाय टिकत नाही, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्याच्यावरच खर्च केला आहे.

येथे लिहिलेले सर्व पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी, पिळली जाणारी तुळई) अशी मांडणी असलेल्या गाड्यांना लागू आहे. मारुती सुझुकीची स्विफ्ट 2005 मध्ये भारतात आली तेव्हापासून तिची मांडणी हीच आहे, आणि टाटा टियागो, ह्युंदाई ग्रँड आय10, फोक्सवॅगन पोलो या गाड्याही याच घडणीच्या आहेत. या मांडणीत पुढच्या चाकाचा धक्का स्ट्रटमधून थेट वर जातो आणि पत्र्याच्या घुमटासारख्या टॉवरवर आदळतो. डावा आणि उजवा टॉवर एका ताठ दांड्याने जोडला की वळणावर त्यांची एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर होणारी सूक्ष्म हालचाल कमी व्हावी, इतकाच ब्रेसचा हेतू असतो. इंजिन आडवे बसवलेल्या लहान गाड्यांत हे टॉवर काचेखालच्या आडव्या पत्र्याला मुळातच जवळून जोडलेले असतात, त्यामुळे फायदा माफक मिळतो. आंबेनळी किंवा ताम्हिणी घाटात लागोपाठ वळणे घेताना स्टिअरिंगचा प्रतिसाद किंचित नेमका वाटेल, पण थकलेले शॉक अॅब्सॉर्बर आणि झिजलेले टायर यांची भरपाई कोणताही ब्रेस करू शकत नाही.

आधी आवाज कोठून येतो ते ठरवा

पाना हातात घेण्यापूर्वी आवाजाचा स्वभाव नीट ऐकावा. जोड सरकल्यामुळे होणारा आवाज एका दिशेला एकदाच होतो आणि गाडी सरळ झाली की उलट दिशेने पुन्हा एकदाच होतो. बारीक खड्ड्यांवर किंवा खडीच्या रस्त्यावर सलग खडखड होत असेल तर लिंक रॉडचे बॉल जॉइंट पाहावेत. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर कडकड होत असेल किंवा स्प्रिंग एकदम सुटल्यासारखी वाजत असेल, तर स्ट्रटच्या वरच्या माउंटमधील बेअरिंगवर संशय घ्यावा. मात्र एक शक्यता अशीही असते की ब्रॅकेटचे मधले भोक लहान असल्यामुळे त्याची कड माउंटच्या रबरावर किंवा बेअरिंगच्या टोपीवर टेकते आणि ब्रेस बसवल्यानंतरच हा आवाज सुरू होतो. तेव्हा ब्रॅकेटची आतली कड रबरापासून सर्व बाजूंनी सुटी आहे ना, हे टॉर्चच्या प्रकाशात पाहून घ्यावे.

दुसरी तपासणी सोपी असूनही अनेक जण ती टाळतात. ब्रेस पूर्ण काढून, मूळ नट कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळून, आवाज येतो त्याच रस्त्यावरून त्याच वेगाने गाडी चालवावी. आवाज तरीही आला तर ब्रेस निर्दोष आहे आणि शोध सस्पेन्शनमध्ये घ्यायला हवा. आवाज गेला तर ब्रेस परत बसवून जोडांची तपासणी करावी. एक पुढचे चाक जाड फळीवर चढवून गाडी उभी करावी, इंजिन बंद ठेवावे, हँडब्रेक ओढावा, आणि बोट अर्धे ब्रॅकेटवर व अर्धे टॉवरच्या पत्र्यावर ठेवून दुसऱ्या माणसाला गाडीचा कोपरा दाबून हलवायला सांगावे. जोड सरकत असेल तर कानाला ऐकू येण्याआधी तो बोटाला जाणवतो. दांडा आणि ब्रॅकेट यांच्या जोडावरही बोट ठेवून हीच परीक्षा करावी.

ब्रॅकेट काढल्यावर त्याची खालची बाजू पुसण्याच्या आधी पाहावी, कारण तिच्यावर बरेच काही लिहिलेले असते. नटाभोवती रंग चपटा होऊन कडेला फुगलेला दिसला तर थर दबला आहे. चकचकीत घासलेले डाग आणि त्यांच्या कडेला काळपट किंवा तांबूस भुकटी दिसली तर तेथे धातू धातूवर सरकत आहे. टेकण्याच्या खुणा फक्त एकाच कडेला असतील तर ब्रॅकेट टॉवरवर सपाट बसतच नाही, आणि त्याचा विचार पुढे वेगळा केला आहे.

नट फिरलेला नसतानाही जोड सैल कसा होतो

ही गोष्ट समजली की पुढची दुरुस्ती आपोआप उलगडते. नट आवळल्यावर बोल्ट किंचित ताणला जातो, आणि तो ताणच दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. ब्रेसचे जोड बोल्टच्या दांड्यावर टेकून राहत नाहीत. दाबामुळे निर्माण झालेल्या घर्षणाने ते जागेवर राहतात, आणि दाब कमी झाला की घर्षण कमी होऊन ब्रॅकेट भोकातल्या मोकळ्या जागेपुरते सरकते. 8 मिलिमीटरच्या, 8.8 प्रतीच्या (ही ताकदीची श्रेणी आहे) कोरड्या बोल्टला साधारण 25 न्यूटन-मीटर इतके आवळले तर सुमारे 15,000 न्यूटन, म्हणजे दीड टन वजनाइतका दाब मिळतो. आकडा मोठा वाटतो, पण तो दाब टिकवून धरणारा ताण अतिशय लहान असतो. जोडाची एकूण जाडी 10 मिलिमीटर असेल तर एवढ्या दाबाला तो बोल्ट जेमतेम 20 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, लांबतो.

आता ब्रॅकेटवरचे पावडर कोटिंग पाहा. त्याचा थर बहुधा 60 ते 100 मायक्रॉनचा असतो, आणि ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना असतो. गाडी चालून इंजिनकक्ष तापला की दाबाखालचा हा थर हळूहळू बाजूला सरकतो आणि पातळ होतो. दोन्ही बाजूंचे मिळून 20 मायक्रॉन कमी झाले की बोल्टचा सगळा ताण संपला, जरी नट एक अंशानेही फिरलेला नसला तरी. दीडशे मायक्रॉनच्या थरातून वीस मायक्रॉन जाणे ही मुळीच मोठी गोष्ट नाही. नट पुन्हा आवळला की ताण परत येतो, थर आणखी दबतो, आवाज परत येतो. लॉक्टाइट येथे निरुपयोगी का ठरते हेही यावरून कळते, कारण ते नटाला फिरण्यापासून रोखते, पण त्याच्या खालचा रंग बसण्यापासून रोखू शकत नाही.

ताण पुरेसा कमी झाला की दुसरा टप्पा सुरू होतो आणि नट खरोखरच फिरू लागतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने 1969 मध्ये प्रयोगांतून दाखवून दिले की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडव्या दिशेने होणारी सूक्ष्म सरक नटाला जास्त लवकर सैल करते. ब्रेसचा जोड नेमका आडवाच सरकतो. युंकरच्या पद्धतीच्या चाचण्यांत साधे स्प्रिंग वॉशर या प्रकारच्या सैलपणाला रोखण्यात अपयशी ठरतात, म्हणून ते घालून निर्धास्त होऊ नये. ब्रेसच्या जोडात तर ते नसलेलेच बरे, कारण नटाखाली सपाट आणि कडक पृष्ठभाग हवा असतो.

या दोन टप्प्यांतील फरक ओळखण्यासाठी नट, वॉशर आणि ब्रॅकेट यांच्यावरून जाणारी एक सरळ रेघ रंगाच्या मार्करने ओढून ठेवावी. काही दिवसांनी टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) आवळण्याच्या दिशेने हळू लावून नट किती जोराला हलू लागतो ते पाहावे. रेघ अखंड आहे आणि तरीही नट ठरलेल्या मापाच्या बराच आधी हलतो, असे आढळले तर थर बसला आहे. रेघ तुटलेली असेल तर जोड सरकू लागला आहे, आणि केवळ आवळून तो सुधारणार नाही.

दुरुस्ती

ब्रॅकेट काढून त्याच्यावरचे कोटिंग फक्त टेकण्याच्या जागांवरून काढावे. वरच्या बाजूला नटाच्या किंवा वॉशरच्या व्यासापेक्षा दोनेक मिलिमीटर मोठे वर्तुळ, आणि खालच्या बाजूला टॉवरवर टेकणारा भोकाभोवतीचा भाग, एवढे पुरते. हे काम 120 नंबरच्या पॉलिश पेपरने हाताने करावे. ग्राइंडर लावला की पृष्ठभाग खड्डा पडल्यासारखा होतो आणि सपाटपणा जातो, म्हणून तो टाळावा. शेवटी काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून ब्रॅकेटची खालची बाजू त्याच्यावर घासली तर उंच राहिलेली जागा लगेच चमकून दिसते. दांडा ज्या कानांमध्ये बोल्टने अडकतो त्या कानांच्या आतल्या व बाहेरच्या बाजू आणि दांड्याच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूही याच रीतीने स्वच्छ कराव्यात, कारण तेथे चार ते सहा रंगीत पृष्ठभाग एका बोल्टखाली आलेले असतात आणि बसका, म्हणजे थर दबून कमी होणारी जाडी, तेथेच सर्वांत मोठा असतो.

गाडीच्या टॉवरवरचा रंग मात्र खरवडू नये, असे माझे ठाम मत आहे. कारखान्यातील तो थर गंजापासून संरक्षण करतो, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एका पावसाळ्यात उघडा पडलेला टॉवरचा पत्रा आवाजापेक्षा मोठे दुखणे होऊन बसतो. टॉवरवरच्या रंगामुळे उरणारा थोडा बसका पुन्हा आवळून भरून काढता येतो, ब्रॅकेटच्या जाड कोटिंगचा येत नाही. ब्रॅकेटच्या उघड्या केलेल्या धातूला गंज लागू नये म्हणून सर्व नट अंतिम मापाने आवळून झाल्यावर जोडाच्या कडांना बाहेरून मेणयुक्त गंजरोधक फवारावा. आवळण्याच्या आधी तो किंवा ग्रीस मध्ये घालू नये, कारण त्याने नेमके घर्षणच जाते.

नटबोल्टांच्या बाबतीत काटकसर करू नये. संचासोबत आलेल्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 अशी खूण नसेल तर तो बदलावा. गंजत नाही म्हणून स्टेनलेसचे बोल्ट घालण्याची पद्धत आहे, परंतु बाजारात सहज मिळणारा ए2-70 प्रतीचा स्टेनलेस बोल्ट 8.8 प्रतीच्या बोल्टइतका ताण सोसत नाही आणि त्याचे आटे एकमेकांत चिकटून धरण्याची शक्यता असते. आट्यांचे अंतरही पाहून घ्यावे. जपानी घडणीच्या गाड्यांत 10 मिलिमीटरच्या बोल्टला 1.25 मिलिमीटरचे आटे सर्रास असतात आणि हार्डवेअरच्या दुकानात मागितल्यावर हातात पडणारा बोल्ट बहुधा 1.5 चा असतो. तो दोन फेरे हाताने जातो आणि मग जोर लावला की आटे जातात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा आपल्या शहरातील औद्योगिक वसाहतीजवळच्या फास्टनरच्या दुकानात जुना बोल्ट सोबत नेला की हा घोटाळा होत नाही. दांडा आणि ब्रॅकेट जोडणारा बोल्ट निवडताना त्याचा आटे नसलेला गुळगुळीत भाग कानांच्या भोकांतून पूर्ण जाईल इतक्या लांबीचा घ्यावा. 10 मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक साधारणतः 10.5 ते 11 मिलिमीटरचे असते. त्यात पुन्हा आटे आले की खेळ वाढतो आणि आट्यांची टोके भोकाची कड खात राहतात. नटाखाली जाड, कडक स्टीलचा सपाट वॉशर असावा. पातळ वॉशर वाटीसारखा वाकतो.

टॉवरवरच्या स्टडची, म्हणजे माउंटमधून वर आलेल्या आणि नट बसणाऱ्या आटेदार खुंटीची, लांबी हा दुर्लक्षित मुद्दा आहे. ब्रॅकेटची 4 किंवा 5 मिलिमीटर जाडी मध्ये आल्यावर मूळ नट स्टडवर तेवढा कमी उतरतो. नट पूर्ण बसून त्याच्या वर किमान दोन आटे दिसलेच पाहिजेत. ते दिसत नसतील तर ब्रेस त्या गाडीसाठी योग्य नाही, आणि येथे तडजोड करू नये.

आता बसवण्याचा क्रम. वरचा ब्रेस बसवताना गाडी जॅकवर घेऊ नये. चारही चाके सपाट जमिनीवर असताना टॉवर स्ट्रटवर टेकलेला असतो आणि त्या नटांवर गाडीचा भार नसतो; चाके लोंबकळत असतील तर स्ट्रट आणि चाक त्याच नटांना लटकलेले असते, आणि सर्व नट काढले की ते खाली निसटते. शिवाय पुढचा भाग उचललेला असताना टॉवरमधील अंतर किंचित बदललेले असते, त्या अवस्थेत ताठ बसवलेला दांडा गाडी खाली येताच स्वतःच्याच जोडांवर जोर देत राहतो. गाडी काही फूट मागेपुढे ढकलून सस्पेन्शन बसू द्यावे, मग एका वेळी एकाच बाजूचे नट काढावेत. मधला मोठा नट, जो शॉक अॅब्सॉर्बरच्या दांड्यावर असतो, त्याला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. त्याच्या खाली दाबलेली स्प्रिंग असते आणि ती सुटली तर जीवावर बेतू शकते. ज्या गाडीत टॉवरवर असा एकच मधला नट आहे आणि ब्रॅकेट त्याच्याखाली बसवायला सांगितले आहे, तिचे काम स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच करावे.

दोन्ही ब्रॅकेट हाताने फिरतील इतक्याच नटांवर ठेवून दांडा मध्ये घालावा. भोके जुळत नसतील तर पहार किंवा स्क्रूड्रायव्हर घालून ती ओढून जुळवू नयेत. लांबी कमीजास्त होणारा दांडा असेल तर दोन्ही बोल्ट बोटांनी आत सरकतील अशी लांबी ठेवावी, म्हणजे दांडा ढकलतही नाही आणि ओढतही नाही. दांडा फिरवून टॉवर बाहेर ढकलून ठेवण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो रस्त्यावरच्या गाडीसाठी मला पटत नाही, कारण त्याने जोडावर कायमचा आडवा भार पडतो. यानंतर टॉवरचे नट आधी अर्ध्या मापाने आणि मग पूर्ण मापाने आवळावेत, त्यानंतर दांड्याचे बोल्ट आणि सर्वांत शेवटी दांड्यावरचे लॉक नट. लॉक नट आवळताना दांडा दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, नाहीतर ठरवलेली लांबी नकळत बदलते.

माप कोणते, तर टॉवरच्या नटांसाठी गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधील. ब्रेसच्या स्वतःच्या बोल्टसाठी 8.8 प्रतीत 8 मिलिमीटरला साधारण 25 आणि 10 मिलिमीटरला साधारण 50 न्यूटन-मीटर हे कोरड्या आट्यांचे माप धरावे. आट्यांना तेल असेल तर त्याच मापाला बोल्टवर सुमारे तृतीयांश अधिक ताण येतो, म्हणून आटे ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडेच ठेवणे सोयीचे पडते. या कामात टॉर्क पान्याला पर्याय नाही. हाताच्या अंदाजाने 8 मिलिमीटरचा नट बहुतेक माणसे एकतर कमी आवळतात किंवा स्टड ताणून टाकतात, आणि ताणलेला स्टड बदलायचा तर पूर्ण स्ट्रट खाली काढावा लागतो.

साधारण 100 किलोमीटरनंतर, आणि पुन्हा 500 किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण गार असताना नट तपासून मापावर आणावेत आणि नवी रेघ ओढावी. पहिल्या तपासणीत थोडे फिरणे स्वाभाविक आहे, दुसऱ्यात नगण्य असावे. तिसऱ्यांदाही माप उतरलेले आढळले तर आवळत बसू नये. पुढची कारणे पाहावीत.

एवढे करूनही आवाज राहिला तर

ब्रॅकेटखालून टॉवरचा माथा स्टीलच्या पट्टीने तपासावा. मोठ्या खड्ड्यांत आपटलेल्या गाडीत हा माथा मधून फुगलेला सापडतो, आणि फुगलेल्या माथ्यावर सपाट ब्रॅकेट तीनपैकी एकाच नटापाशी नीट टेकते व बाकीच्या ठिकाणी झुलते. येथे वॉशरच्या चकत्या भरून फट बुजवण्याचा मोह होतो, पण दोष पत्र्यात असताना चकत्यांनी काहीच साधत नाही. माथ्याभोवतीची स्पॉट वेल्डिंगची ठिकाणे आणि सीलंटची रेषा पाहावी. सीलंट सरळ रेषेत तडकले असेल किंवा रंगातून गंजाची बारीक रेघ फुटली असेल, तर ब्रेस काढून ठेवावा आणि गाडी बॉडीचे काम जाणणाऱ्या माणसाला दाखवावी. तडा गेलेल्या टॉवरला ब्रेस लावल्याने तडा भरून येत नाही, फक्त झाकला जातो.

आवाज वळणावर न येता अॅक्सिलरेटर एकदम दाबताना किंवा सोडताना येत असेल, तर दांडा इंजिनाला लागत असण्याची शक्यता मोठी आहे. आडवे इंजिन माउंटवर पुढेमागे झुलते, आणि माउंट जुने झाले की हा झोल वाढतो. दांड्याच्या खालच्या बाजूला आणि वर बॉनेटच्या दिशेने शाडूच्या मातीचे किंवा प्लॅस्टिसिनचे लहान गोळे चिकटवावेत, बॉनेट बंद करावे, थोडे चालवून आणावे. गोळा किती चपटा झाला त्यावरून उरलेली जागा थेट मोजता येते. 10 मिलिमीटरपेक्षा कमी जागा मी पुरेशी मानत नाही.

आणखी एक गोष्ट संच विकत घेण्यापूर्वीच पाहण्यासारखी आहे. अनेक संचांत दांडा जाडजूड आणि चकचकीत असतो, पण ब्रॅकेट 3 मिलिमीटरच्या एकेरी वाकवलेल्या पत्र्याचे असते. जोर आला की ते ब्रॅकेटच वाकते, दांडा नुसता मध्ये बसून राहतो, आणि त्या वाकण्याने जोड पुन्हा पुन्हा सैल होतो. ब्रॅकेट पेटीसारखे बंद किंवा दोन्ही कडांना आधारपट्ट्या असलेले हवे.

खालचा आणि मागचा ब्रेस

खालचा ब्रेस लोअर आर्मच्या किंवा सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीच्या) बोल्टांवर बसतो, आणि त्यामुळे त्याचा दोष आवाजापुरता मर्यादित राहत नाही. ते बोल्ट सस्पेन्शनचे आहेत, त्यांचे माप बरेच जास्त असते, आणि काही गाड्यांत ते एकदाच वापरायचे असतात. मॅन्युअलमध्ये तशी सूचना असेल तर नवे बोल्ट आणूनच काम सुरू करावे. दोन्ही बाजूंचे बोल्ट एकाच वेळी काढू नयेत, नाहीतर सबफ्रेम सरकून चाकांचे अलाइनमेंट बिघडते. गाडीसोबत मिळणाऱ्या कात्री जॅकवर उचललेल्या गाडीखाली क्षणभरही जाऊ नये. योग्य जागी लावलेल्या दोन घोड्या (जॅक स्टँड), मागच्या चाकांना ठोकळे आणि सपाट, कठीण जमीन यांपैकी एक जरी गोष्ट कमी असेल तर हे काम गॅरेजच्या रॅम्पवर करावे.

खालच्या ब्रेसनंतर महिनाभराने येणारी रबराची ‘चर्र’ अशी कुरकुर वेगळ्या कारणाने येते. लोअर आर्मच्या बुशचा बोल्ट चाके लोंबकळत असताना पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर बुशचे रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. तो बोल्ट सैल करून, गाडीचे वजन चाकांवर असताना, रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर पुन्हा मापाने आवळावा. जमिनीपासूनची उंचीही मोजून घ्यावी. 2018 च्या स्विफ्टला ती 163 मिलिमीटर आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातील गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 100 मिलिमीटर उंच असतो, पण गल्लीत कोणी परस्पर घातलेला आखूड आणि टोकदार उंचवटा ते मानक पाळत नाही. 30 मिलिमीटर खाली येणारा ब्रेस तेथे घासतो, आणि एकदा घासला की त्याचे बोल्ट तपासल्याशिवाय गाडी वापरू नये.

मागचा ब्रेस तपासण्याआधी डिकी पूर्ण रिकामी करावी, अगदी स्टेपनी, जॅक आणि पाना यांसह, कारण बहुतेक खडखड तेथूनच येते. मागचा मोठा दरवाजा हे हॅचबॅकच्या सांगाड्यातील सर्वांत मोठे भोक असल्यामुळे मागच्या ब्रेसचा उपयोग कधी कधी पुढच्यापेक्षा जास्त जाणवतो. तो सीट बेल्टच्या बोल्टवर बसवायला सांगणारे संच मात्र घेऊ नयेत. त्या बोल्टचे आटे अनेक गाड्यांत 7/16 इंची, इंचाला 20 असे असतात, त्यांच्या जागी मिलिमीटरचा बोल्ट कोंबला की आटे बिघडतात, आणि मध्ये ब्रॅकेट आल्याने मूळ बोल्टची पकडही कमी होते. अपघातात माणसाला धरून ठेवणारा तो बोल्ट आहे.

ब्रेससाठी टॉवरमध्ये नवी भोके पाडणे किंवा वेल्डिंग करणे घरी करू नये. टॉवरच्या आसपास उच्च ताकदीचे स्टील असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची ताकद जाते. कायद्याची बाजूही आहे: मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ स्टडवर बोल्टने बसणारा आणि केव्हाही काढता येणारा ब्रेस निवडावा, विमा कंपनीला तो बसवल्याचे लेखी कळवावे, आणि वॉरंटीतील गाडी सर्व्हिसिंगला देताना टॉवरचे नट कोणत्या मापाला आवळले आहेत ते जॉबकार्डवर लिहून घ्यावे, म्हणजे तेथे कोणी ते हवेच्या गनने पुन्हा आवळणार नाही.